वजन कमी करण्याच्या सर्जरीचा विचार करताय? होकार देण्याआधी हे समजून घ्या

बेरिॲट्रिक सर्जरीची चौकशी करायला आलेल्या माणसाच्या मनात बहुतेक वेळा दोनच प्रश्न असतात. किती किलो उतरतील? आणि त्रास किती होईल? दोन्ही रास्त आहेत, त्यांची उत्तरं पुढे येतीलच. पण माझ्या मते त्यांच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा: पाच वर्षांनी माझं रक्त कोण तपासणार आहे? ऑपरेशन दोन-तीन तासांत उरकतं. त्यानंतरच्या गोळ्या, तपासण्या आणि जेवायची पद्धत आयुष्यभर सांभाळावी लागते. ज्यांना हे आधीपासून माहीत असतं त्यांना ही सर्जरी फार मोठं सुख देऊन जाते. ज्यांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं, त्यांची फरपट होते. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. सर्जरी करणं म्हणजे पळवाट, आळशी माणसाचा मार्ग, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. वजन उतरू लागलं की शरीर त्याच्याशी झगडतं. भूक वाढते, ऊर्जेचा खर्च कमी होतो आणि हा झगडा वर्षानुवर्षं चालू राहतो. तीव्र लठ्ठपणात केवळ निग्रहाच्या जोरावर उतरवलेलं वजन टिकवणं बहुतेकांना जमत नाही ते यामुळेच.

आपण या सर्जरीत बसतो का?

आधी बीएमआय काढा. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. १.६५ मीटर उंची आणि ११० किलो वजन असेल तर बीएमआय ४० च्या थोडा वर येतो. १९९१ पासून जगभर चालत आलेला नियम असा होता: बीएमआय ४० च्या वर असेल, किंवा ३५ च्या वर असून सोबत मधुमेह, उच्च रक्तदाब, स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अधूनमधून थांबणं) यांसारखे आजार असतील, तर सर्जरीचा विचार करावा. २०२२ मध्ये बेरिॲट्रिक सर्जनच्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो शिथिल केला. आता बीएमआय ३५ असेल तर इतर आजार नसतानाही सर्जरी सुचवता येते आणि ३० ते ३५ मध्ये मधुमेहासारखे चयापचयाचे आजार असतील तर तिचा विचार करता येतो. आशियाई वंशाच्या लोकांमध्ये कमी वजनावरही मधुमेह होतो, म्हणून त्यांच्यासाठी ही रेषा आणखी खाली, २७.५ पर्यंत आणली आहे.

पण आकड्यात बसलात म्हणजे सर्जरी करायलाच हवी असं अजिबात नाही. गर्भारपण, चालू व्यसन, उपचार न घेतलेला गंभीर मानसिक आजार, भूल झेपणार नाही अशी हृदयाची किंवा फुफ्फुसाची अवस्था, यांत थांबावं लागतं. आणि पुढे नियमित तपासणीला जाणं शक्यच नसेल, तर माझ्या मते तेही थांबण्याचंच कारण आहे.

पोटात नेमकं काय करतात

आज बहुतेक ऑपरेशनं दुर्बिणीतून, चार-पाच छोट्या छेदांतून होतात. प्रकार बरेच आहेत, पण निवड शेवटी दोन-तीनवरच येऊन ठेपते.

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून बाहेर काढतात आणि उरतं ते केळ्याच्या आकाराचं नळकांडं. भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः ज्या भागात तयार होतं, तोच भाग निघून गेल्याने पोट लवकर भरतं आणि भूकही मंदावते. आतड्याला हात लागत नाही, त्यामुळे ऑपरेशन तुलनेने सोपं. मात्र कापलेलं जठर परत जोडता येत नाही, हा निर्णय कायमचा.

गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलीलिटरची पिशवी ठेवतात आणि लहान आतड्याचा पुढचा भाग वर आणून तिला जोडतात. उरलेलं जठर पोटातच असतं, फक्त अन्न त्यातून जात नाही. अन्न लवकर पुढच्या आतड्यात पोचल्यामुळे जीएलपी-१ सारखी संप्रेरकं जास्त स्रवतात. त्यामुळेच कित्येक मधुमेहींची साखर वजन फारसं उतरण्याआधीच, काही दिवसांत खाली येऊ लागते. मिनी बायपासमध्ये दोनऐवजी एकच जोड असतो. वेळ कमी लागतो, पण पित्त वर जठरात येण्याची शक्यता राहते आणि पोषणाकडे जास्त डोळसपणे पाहावं लागतं.

कुठलं निवडायचं हा निर्णय सर्जनबरोबर बसून घ्यायचा. पण एका मुद्द्यावर तुम्ही स्वतः अडून राहा: छातीत जळजळ होते का? स्लीव्हनंतर ॲसिड वर येण्याचा त्रास वाढू शकतो. फिनलंडमधल्या स्लीव्हपास चाचणीत १० वर्षांनी एंडोस्कोपी (तोंडावाटे दुर्बीण घालून तपासणी) केली तेव्हा अन्ननलिकेला सूज स्लीव्ह झालेल्यांपैकी ३१ टक्के लोकांत आढळली, बायपास झालेल्यांत ७ टक्के. जळजळीचा जुना त्रास असेल आणि तरीही कुणी एंडोस्कोपी न करताच स्लीव्ह सुचवत असेल, तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या.

ऑपरेशनऐवजी तोंडावाटे जठरात बसवतात तो बलून (फुगा) बहुधा सहा महिन्यांनी काढावा लागतो. तो काढल्यावर वजन परत येणं अगदी सर्रास आहे. जठराभोवती बसवायचा बँड एकेकाळी लोकप्रिय होता, पण तो पुढे अनेकांना काढून टाकावा लागला आणि आता क्वचितच बसवतात.

किती उतरेल, काय सुधारेल

सरासरी धरली तर स्लीव्हनंतर मूळ वजनाच्या साधारण २५ टक्के आणि बायपासनंतर ३० टक्क्यांच्या आसपास वजन उतरतं, बहुतेक सगळं पहिल्या १२ ते १८ महिन्यांत. वरच्या उदाहरणातली ११० किलोची व्यक्ती बायपासनंतर ७७ किलोपर्यंत येईल. तिचा बीएमआय तेव्हा २८ च्या पुढेच असेल. म्हणजे तक्त्यातलं आदर्श वजन गाठलं जाईलच असं नाही. तरीही तिचे गुडघे, झोप, रक्तदाब, साखर या सगळ्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडलेला असू शकतो. काट्यावरच्या एखाद्या ठरावीक आकड्यासाठी सर्जरी करणार असाल तर निराशा पदरी पडण्याचा संभव मोठा. जिना चढताना दम लागू नये, इन्सुलिन कमी व्हावं, श्वासाच्या मशीनशिवाय झोप लागावी, अशी उद्दिष्टं कागदावर लिहा आणि पहिल्या भेटीत तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा.

मधुमेहाबाबत क्लीव्हलँड क्लिनिकची स्टॅम्पीड ही चाचणी गाजली. पाच वर्षांनी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा रक्तातला आकडा) ६ टक्के किंवा त्याखाली असलेले लोक बायपास गटात २९ टक्के, स्लीव्ह गटात २३ टक्के आणि फक्त औषधांवर असलेल्या गटात ५ टक्के होते. फायदा मोठा आहे, पण सर्जरीनंतर प्रत्येकाचा मधुमेह जातो हे मात्र खरं नाही, हेही याच आकड्यांतून दिसतं. मधुमेह जितका जुना आणि इन्सुलिनची गरज जितकी जास्त, तितकी तो पूर्ण मागे हटण्याची शक्यता कमी. १९८७ मध्ये सुरू झालेल्या स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात सर्जरी झालेल्यांचा मृत्यूदर न झालेल्यांपेक्षा जवळपास ३० टक्क्यांनी कमी आढळला होता.

वजन उतरवणारी इंजेक्शनं घेऊन पाहावं का?

हा प्रश्न आता प्रत्येक जण विचारतो, आणि विचारायलाच हवा. चाचण्यांमध्ये सेमाग्लुटाइडने सरासरी १५ टक्के, तर टिर्झेपॅटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसने २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. बीएमआय ३०-३५ च्या दरम्यान असेल तर आधी हा मार्ग पाहणं मला शहाणपणाचं वाटतं. फक्त औषध थांबवलं की उतरलेल्या वजनाचा मोठा भाग परत येतो, म्हणजे तेही दीर्घकाळ घ्यावं लागतं. बीएमआय ४५ किंवा ५० असेल तर आजही सर्जरीचा परिणाम जास्त आणि जास्त टिकाऊ आहे. काही डॉक्टर दोन्ही वापरतात: आधी औषधाने वजन थोडं उतरवून भूल सुरक्षित करतात, मग ऑपरेशन.

धोके

ऑपरेशननंतरच्या ३० दिवसांत मृत्यू होण्याचा धोका साधारण हजारात एक ते तीन इतका आहे. पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनच्या जवळपास जाणारा. वय, हृदयविकार आणि खूप जास्त बीएमआय यांनी तो वाढतो. तुमच्या बाबतीत तो किती, हे सर्जनने तुम्हाला आकड्यात सांगायला हवं.

सुरुवातीच्या दिवसांत तीन गोष्टींवर डोळा ठेवायचा असतो: रक्तस्राव, टाक्यांतून गळती आणि पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गुठळी. गळती शंभरात एक-दोघांना किंवा त्याहून कमी जणांना होते, पण ती कशी सुरू होते ते घरच्यांनाही माहीत हवं. समजा, तुम्ही घरी आला आहात. चौथी रात्र. पोट थोडं दुखतंय, ते दुखणारच असं सगळे म्हणतात. ताप जेमतेम. पण नाडी मोजली तर स्वस्थ पडून असतानाही १२० च्या वर, आणि आतून काहीतरी बिनसल्यासारखं, घाबरल्यासारखं वाटतंय. गळतीचं पहिलं लक्षण अनेकदा एवढंच असतं. सकाळपर्यंत थांबायचं नाही, ऑपरेशन झालं त्या रुग्णालयाला तेव्हाच फोन करून निघायचं. डाव्या खांद्यात दुखणं, दम लागणं, एका पायाची पोटरी सुजून दुखणं, काळी शी होणं, यांतलं काहीही झालं तरी तेच.

नंतरचे धोके वेगळे. वजन झपाट्याने उतरताना पित्ताचे खडे होतात, म्हणून पहिले सहा महिने बऱ्याच जणांना अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या देतात. बायपासमध्ये जोडाजवळ अल्सर होऊ शकतो. त्याची मोठी कारणं म्हणजे धूम्रपान आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या. डोकेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून सहज घेतली जाणारी गोळी बायपासनंतर महागात पडते, तेव्हा पॅरासिटामॉलवर भागवायचं. बायपास झालेल्या माणसाला वर्षांनंतरही अचानक पोटात पिळवटून दुखायला लागलं तर आतड्याचा भाग आतल्या फटीत अडकलेला असू शकतो. ती इमर्जन्सी असते, आणि साध्या तपासणीत ती सहज निसटते.

सर्जन आणि टीम

सर्जन वर्षाला अशी किती ऑपरेशनं करतात, गुंतागुंतीचं प्रमाण किती, रात्री-अपरात्री अतिदक्षता विभाग आणि रेडिओलॉजी उपलब्ध आहे का, हे विचारायला संकोच करू नका. चांगला सर्जन अशा प्रश्नांनी रागावत नाही. त्यानंतर सर्वांत महत्त्वाचं विचारा. आहारतज्ज्ञ याच टीममध्ये आहे की तुम्हीच शोधायचा? पहिल्या वर्षात किती भेटी ठरलेल्या आहेत? दोन वर्षांनी मी आलो नाही तर तुमच्याकडून कुणी फोन करतं का? पाच वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेल्यांपैकी किती जण अजून तपासणीला येतात? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ज्यांच्याकडे आहे, ती टीम बहुधा चांगली असते.

पहिल्याच भेटीत तारीख ठरवण्याची घाई करणाऱ्या ठिकाणी सावध राहा. तपासण्यांना काही आठवडे लागतातच: रक्त, एचबीएवनसी, थायरॉइड, व्हिटॅमिनची पातळी, सोनोग्राफी, एंडोस्कोपी, हृदय, घोरण्याची सवय असेल तर झोपेची तपासणी, आणि मानसतज्ज्ञाची भेट. या भेटीला परीक्षा समजून ठरावीक उत्तरं देऊ नका. दुःखात, एकटेपणात खाण्याकडे हात जातो का, रात्री उठून खाता का, हे मोकळेपणाने सांगा. सर्जरीनंतर खाण्याचा तो आधार एका दिवसात नाहीसा होतो, आणि त्याची जागा काय घेणार हे आधी ठरलेलं बरं.

ऑपरेशनआधीचे दिवस

धूम्रपान निदान सहा आठवडे आधी बंद करा, आणि परत सुरू करू नका. शेवटचे दोन आठवडे बहुधा ८०० ते १००० कॅलरीचा, प्रथिनांचा भर असलेला आहार देतात. त्याने यकृत आक्रसतं आणि दुर्बिणीला जठरापर्यंत जायला वाट मिळते. हा आहार चुकवला तर ऑपरेशन अवघड होतं, म्हणून तो गांभीर्याने पाळा. याच काळात मधुमेहींची साखर एकदम खाली जाऊ शकते, त्यामुळे इन्सुलिन आणि गोळ्यांचे डोस डॉक्टरांकडून आधीच बदलून घ्या. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात, कारण साखर फार वाढलेली नसतानाही त्यांच्यामुळे रक्तात आम्ल साठू शकतं. वजनाची इंजेक्शनं चालू असतील तर भूलतज्ज्ञाला आठवणीने सांगा, कारण त्यांमुळे जठर रिकामं व्हायला वेळ लागतो.

पहिले दोन महिने

ऑपरेशनच्याच दिवशी संध्याकाळी चालायला लावतात. दुखत असलं तरी चाला, गुठळी टाळण्याचा तो मोठा उपाय आहे. साधारण एक ते तीन दिवसांत घरी आणि दोन ते चार आठवड्यांत कामावर. आधी पातळ द्रव, मग दाट द्रव, मग बारीक वाटलेलं, मग मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं जेवण, असा क्रम असतो. पहिल्या आठवड्यांत लोक रुग्णालयात परत येतात ते बऱ्याचदा पाणी कमी पडल्यामुळे. एका दमात पाणी जात नाही, म्हणून बाटली सतत जवळ ठेवून घोट-घोट करत दिवसाला दीड लिटरच्या पुढे न्यायचं.

जेवण आता वेगळं असतं, ते असं. छोटी ताटली, छोटा चमचा. आधी प्रथिनं: अंडं, पनीर, डाळ, मासे, जे खात असाल ते. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, आणि जागा इतकी थोडी की भाजी आणि बाकीचं नंतर. घास लापशीसारखा होईपर्यंत चावायचा, चमचा खाली ठेवायचा, मग पुढचा घास. वीस-तीस मिनिटं लागतात. उचकी, नाकातून पाणी, छातीच्या मध्यभागी दाटून आल्यासारखं वाटणं, ही थांबायची खूण. त्यानंतरचा एकच घास उलटीला पुरेसा असतो. जेवताना पाणी नाही, आणि नंतरही अर्धा तास नाही.

बायपासनंतर गोड किंवा साखरेचं पेय घेतलं की काहींना अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब होतात. त्याला डम्पिंग म्हणतात. काहींची साखर एक ते तीन तासांनी एकदम घसरते. हे वारंवार होत असेल तर आहारतज्ज्ञांना कळवा, जेवणातले पदार्थ बदलून ते बरंच आटोक्यात येतं.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. झपाट्याने उतरलेल्या वजनाची ती प्रतिक्रिया असते आणि प्रथिनं, लोह नीट असतील तर केस परत येतात.

गोळ्या: इथे तडजोड नाही

मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, लोह, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी, हे आयुष्यभर. बरं वाटतंय म्हणून दुसऱ्या वर्षी गोळ्या सोडणारे खूप असतात, आणि कमतरता अगदी सावकाश, न कळत येते. बी-१२ चा साठा शरीरात बराच काळ पुरतो. तो संपून हातापायांना मुंग्या येऊ लागतात तेव्हा मज्जातंतूंना इजा झालेली असते. कॅल्शियम सायट्रेट स्वरूपात घ्या, कारण जठरातलं आम्ल कमी झाल्यावर ते जास्त चांगलं शोषलं जातं. दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, दोन-तीन वेळा विभागून. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, दोन तासांचं अंतर ठेवायचं. रक्त तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि नंतर दरवर्षी तपासायचं.

थायमिन म्हणजे बी-१ बद्दल घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. उलट्या काही दिवस थांबत नसतील तर थायमिन झपाट्याने संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. चालताना तोल जाणं, दोन-दोन दिसणं, गोंधळल्यासारखं बोलणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी थायमिन द्यावं लागतं. जवळच्या कुठल्याही रुग्णालयात गेलात तरी सर्जरीबद्दल पहिल्याच वाक्यात सांगा.

जुनी औषधंही तपासून घ्या. रक्तदाबाचा डोस तोच राहिला तर चक्कर येते. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या बायपासनंतर पुरेशा शोषल्या जात नाहीत, त्यांना पर्याय मागा.

मूल हवं असेल तर

वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि गर्भ राहण्याची शक्यता वाढते, कधीकधी अपेक्षेपेक्षा खूप लवकर. सर्जरीनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायची असते, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. पर्यायाबद्दल ऑपरेशनआधीच स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला. पुढे गर्भारपणात साखर तपासताना ग्लुकोज पिऊन करायची चाचणी डम्पिंग घडवू शकते, तेव्हा दुसरी पद्धत वापरायला सांगा.

मन आणि दारू

दारू आता लवकर आणि जास्त चढते, आणि विशेषतः बायपासनंतर व्यसनाचा धोका वाढतो. काही अभ्यासांत सर्जरीनंतर स्वतःला इजा करून घेण्याचं प्रमाणही वाढलेलं आढळलं आहे. सगळे कौतुक करत असताना आपल्याला उदास वाटतं हे सांगायची माणसाला लाज वाटते. ती लाज बाजूला ठेवून डॉक्टरांशी बोला. लोंबणारी त्वचा हाही त्या उदासपणाचा एक भाग असतो. व्यायामाने स्नायू टिकतात, पण खूप सैल झालेली त्वचा त्याने आवळत नाही. त्यासाठी प्लास्टिक सर्जरी करायचीच असेल तर वजन स्थिर होऊन काही महिने जाऊ द्या.

वजन परत वाढू लागलं तर

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षानंतर थोडं वजन वाढणं बहुतेकांना अनुभवाला येतं. पाच-सात किलो वाढले की अपराधी वाटून माणूस डॉक्टरांकडे जाणंच टाळतो, आणि नेमकी तेव्हाच भेट हवी असते. दिवसभर थोडं-थोडं तोंडात टाकणं, गोड पेयं, झोप, नवं एखादं औषध, काय बदललं ते शोधता येतं. वजनाची औषधं सर्जरीनंतरही वापरता येतात. दुसरं ऑपरेशन हा पर्याय असतो, पण पहिल्यापेक्षा जोखमीचा, म्हणून सर्वांत शेवटी.

डिस्चार्जच्या वेळी ऑपरेशनच्या सविस्तर नोंदीची प्रत मागून घ्या: कोणता प्रकार, आतडं किती अंतरावर जोडलं, कोणत्या तारखेला. तिचा फोटो फोनमध्ये ठेवा, एक प्रत घरातल्या माणसाकडे द्या, आणि दुसऱ्या कुठल्याही आजारासाठी नव्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा ती सोबत न्या.